शांतिसेना

मुलांनो, नकाशात वैनगंगेकाठी आपला भंडारा जिल्हा शोधा. आता बोट जवळजवळ सरळ दक्षिणेकडे न्या. समुद्रापलीकडे श्रीलंका दिसेल.

तेथे सरकार आणि तमिळ बंडखोर यांच्यात युद्ध चालू होते. 4 जून 1987 रोजी भारतीय विमानांनी जाफना भागात अन्न व औषधे टाकली. 29 जुलैला दोन्ही देशांत करार झाला आणि भारताची शांतिसेना तेथे गेली. बंडखोरांनी शस्त्रे खाली ठेवावीत, हे तिचे एक काम होते. पण लिट्टे या संघटनेने ते मानले नाही. ऑक्टोबरमध्ये शांतिसेनेलाच लढावे लागले. सैन्य वाढत गेले.

मुंबईत जन्मलेले मेजर रामस्वामी परमेश्वरन महार रेजिमेंटचे होते. 25 नोव्हेंबर 1987 रोजी छातीत गोळी लागूनही ते लढत राहिले व धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले.

पुढे श्रीलंकेनेच सैन्य परत न्या, असे सांगितले. 24 मार्च 1990 रोजी शेवटची तुकडी निघाली. सुमारे 1,200 जवान घरी आलेच नाहीत. ते युद्ध मात्र 2009 पर्यंत चालले.

युद्धात पाऊल टाकणे सोपे, मागे घेणे कठीण. खरे ना?

शब्दार्थ : करार – लेखी समझोता; धारातीर्थी पडणे – लढताना मरण येणे; मरणोत्तर – मृत्यूनंतर.

प्रश्न : शांतिसेनेला का लढावे लागले?