मोजा काढून दाखव

मिरज,
१२ नोव्हेंबर २०२५

चि. सई हिस,


रविवारच्या फोनवर तुझी आई, बाबा आणि आजी बोलून झाल्यावर माझ्या वाट्याला दोन मिनिटं येतात, तेवढ्यात हे विचारता येणार नाही म्हणून लिहिते आहे. आणि विचारलं असतं तरी तू "मी मस्त आहे गं आत्या" म्हणून फोन ठेवला असतास. गेले काही रविवार तेच करते आहेस.

काल तुझ्या डॉर्मिटरीतल्या एका मुलीची आई आमच्या विभागात खांद्याचा एक्स-रे काढायला आली होती. मुलीचं नाव लिहीत नाही. तिनं चुगली केलेली नाही, ती घाबरली म्हणून आईजवळ बोलली, तेव्हा तिला काही म्हणायचं नाही. बाई बोलता बोलता म्हणाल्या, "तुमच्या सईचा पाय कसा आहे आता?" मला माहीत असणारच असं धरून त्या पुढं सांगत गेल्या. डावी नडगी महिनाभर दुखते आहे. पीटीच्या आधी सई क्रेप बँडेज गुंडाळते आणि त्यावर मोजा ओढते. घरून नेलेल्या तापाच्या गोळ्या दुखण्यासाठी घेते. रात्री पाय धरून बसते. एमआय रूममध्ये, म्हणजे शाळेच्या दवाखान्यात, चल म्हटलं की शपथ घालते.

खरं आहे का हे? खोटं असेल तर मला फार आनंद होईल. पण दिवाळीत तू जिना उतरताना कठडा धरत होतीस, ते मला काल संध्याकाळी आठवलं आणि रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही.

सई, मी जन्मभर हाडांच्या फिल्मा काढत आले आहे. आमच्याकडं पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं येतात. पहाटे उठून डांबरी रस्त्यावर सोळाशे मीटरचा सराव करतात, बुटांचे तळ गुळगुळीत झालेले, पोटात एक कप चहा. आधी नडगी दुखते, थांबल्यावर बरं वाटतं, म्हणून रेटतात. मग चालताना दुखायला लागतं. मग झोपेत. तोवर कुणी येत नाही. गेल्या पावसाळ्यात एक मुलगा आला, त्याला दोघांनी उचलून आणलं होतं. मैदानी चाचणीच्या आठवडाभर आधी, धावता धावता नडगीचं हाड मोडलं होतं. त्या हाडाला आधी केसाएवढी चीर पडलेली असणार. तेव्हा थांबला असता तर दीड-दोन महिन्यांच्या विश्रांतीनं भरून आलं असतं. टेबलावर झोपवलं तेव्हा तो मला एकच विचारत होता, "मॅडम, पुढच्या भरतीला पळता येईल ना?"

तू काय करायचंस ते नीट वाच. नडगीच्या आतल्या कडेवरून बोट वरून खाली सावकाश ने. वीतभर भाग सगळाच थोडा थोडा दुखत असेल तर ते बहुधा हाडावरच्या आवरणाचं आणि स्नायूंचं दुखणं आहे. पण बोट एकाच जागी आलं की कळ मस्तकात जात असेल, रात्री पडल्या पडल्याही ठणकत असेल, तर तो चिरेचा संशय. एका पायावर उडी मारून वगैरे मुळीच बघू नकोस, ते डॉक्टर बघतील. आणि पहिल्या एक्स-रेत काही दिसलं नाही म्हणून सुटलो असंही नसतं. अशी चीर पहिले दोन-तीन आठवडे फिल्मवर बऱ्याचदा येतच नाही, एमआरआयमध्ये दिसते. हे मी तुला सांगते आहे, कारण "एक्स-रे नॉर्मल आला" असं म्हणून तू दुसऱ्या दिवशी पुन्हा मैदानावर उभी राहशील. मी ओळखते तुला.

आणखी एक. पाळी वेळेवर येते का? लाजू नकोस, हे मला कळायला हवं. मुली पळणं एकदम वाढवतात आणि खाणं मात्र तेवढंच ठेवतात, किंवा वजन वाढेल म्हणून कमी करतात. मग पाळी लांबते, कधी दोन-तीन महिने येतच नाही, आणि मैत्रिणी म्हणतात बरंच झालं, कटकट गेली. ते बरं नसतं. शरीर काटकसर करतं आहे आणि ती काटकसर हाडांतून होते. आयुष्यभर पुरायच्या हाडाचा मोठा भाग याच चार-पाच वर्षांत भरतो. मेसमधलं दूध तू शेजारणीच्या ग्लासात ओततेस हे तूच उन्हाळ्यात हसत हसत सांगितलं होतंस. तेव्हा मीही हसले होते.

तू हे का लपवते आहेस, ते मला कळतं. १९६१ च्या २३ जूनला साताऱ्यात देशातलं पहिलं सैनिक स्कूल सुरू झालं आणि त्यानंतर साठ वर्षं तिथं सहावीच्या वर्गात एकही मुलगी बसली नव्हती. २०२१ ला दार उघडलं. दहा टक्के जागा किंवा दहा जागा, जे जास्त असेल ते. त्या पहिल्या मुलींमध्ये तू आहेस. मैदानात तुमच्यापैकी एक जरी बाजूला बसली तरी ते साऱ्या मुलींच्या नावावर लिहिलं जाईल असं तुम्हाला वाटतं. त्यातून यंदा हाऊसच्या क्रॉसकंट्रीच्या संघात तुझं नाव लागलं आहे, आणि सहावीतल्या चिमुरड्या तुझ्याकडं बघून बुटांच्या नाड्या बांधतात. अशा वेळी "माझा पाय दुखतो" हे वाक्य तोंडातून निघत नाही. निघणं अवघडच आहे, मान्य.

आणि मे महिन्याच्या शेवटी, ३० तारखेला, आपण दादाकडं टीव्हीपुढं बसून खडकवासल्याचं दीक्षान्त संचलन पाहिलं. तीनशेहून जास्त मुलांबरोबर सतरा मुली अंतिम पग ओलांडून गेल्या. एनडीएतून बाहेर पडलेल्या पहिल्या मुली. आजीनं त्यांच्यावरून बोटं मोडली. तू काही बोलली नाहीस, नुसती ताठ बसून राहिलीस. तेव्हाच मला कळलं की पोरीनं मनाशी ठरवलं आहे.

मला शंका आहे, एमआय रूमच्या वहीत नाव गेलं की पुढं एनडीएच्या मेडिकलला आडवं येईल, अशी भीती तुझ्या मनात कुणीतरी घातली आहे. तसंच ना? मग ऐक. एनडीएत दाखल व्हायला वयाची साडेसोळा वर्षं लागतात. तुला पंधरावं सुरू आहे. लेखी परीक्षा, मग एसएसबीची मुलाखत, मग मेडिकल. तिथले डॉक्टर तुला तपासतील तेव्हा पाय नीट भरून आलेला असावा की दुर्लक्ष करून वाकडा जुळलेला, हे आज ठरतं आहे. डिसेंबरच्या एका क्रॉसकंट्रीसाठी तू तो पाय पणाला लावते आहेस. मला याचा राग येतो, सई. खूप राग येतो.

कपाटाच्या आत तू ललिता बाबरचं चित्र चिकटवलं आहेस. माण तालुक्यातल्या मोहीची मुलगी, तुझ्या शाळेपासून फार लांब नाही तिचं गाव. २०१६ ला रिओ ऑलिम्पिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत ती धावली आणि दहावी आली. तेव्हा ती सत्तावीस वर्षांची होती. आधी कित्येक वर्षं लांबच्या शर्यती, मॅरेथॉन, आणि मग स्टीपलचेस. पंधराव्या वर्षी पाय मोडून घेऊन कुणी तिथवर जात नाही.

आणि या महिन्याच्या २ तारखेचा महिला क्रिकेट विश्वचषकाचा अंतिम सामना. आपल्या सांगलीची स्मृती म्हणून सगळी गल्ली जागी होती. पण मी प्रतिका रावलकडं बघत होते. बांगलादेशविरुद्ध क्षेत्ररक्षण करताना तिचा घोटा दुखावला, तिच्या जागी शेफाली आली आणि अंतिम सामन्यात ८७ धावा करून गेली. जिंकल्यावर प्रतिका चाकाच्या खुर्चीतून मैदानात आली आणि सगळ्या जणी तिला घेऊन नाचल्या. तिची जागा दुसरीनं भरली म्हणून ती संघातली राहिली नाही, असं कुणाला वाटलं का? तुझ्या जागीही कुणीतरी धावेल. हाऊस हरलं तर हरलं.

मी पुन्हा पुन्हा पायावरच येते आहे, मला कळतं. पण आपल्या घराचं तुला माहीत आहे. तुझ्या आजोबांनी, अप्पांनी किती महिने मोजा काढला नाही, आठवतं? तू लहान होतीस, पण दवाखान्याचा वास तुला आठवतो असं तूच म्हणालीस. आजी "उन्हाळा लागलाय, मोजे काढा" म्हणायची आणि ते विषय बदलायचे. अंगठा गेला, मग पाऊल. डॉक्टरांनी दादाला बाहेर बोलावून विचारलं, "तुम्ही घरात काय करत होता?" दादा काही बोलू शकला नाही. दुखणं सांगायचं नाही, त्रास द्यायचा नाही, याला आपल्याकडं सोशिकपणा म्हणतात आणि त्याचं कौतुक होतं. मला आता ते कौतुक सहन होत नाही. काल त्या बाईंनी "वरून मोजा ओढते" म्हटलं तेव्हा मला तू दिसलीच नाहीस, अप्पा दिसले.

मीही त्याच घरातली. १९९२ ला सैन्यानं मुलींना वैद्यकीय शाखेबाहेरही अधिकारी म्हणून घ्यायचं ठरवलं तेव्हा मी विलिंग्डन कॉलेजला शेवटच्या वर्षाला होते, एनसीसीत होते, रायफल चांगली चालवायची. पेपरातली जाहिरात मी कात्रीनं कापून घेतली आणि फिजिक्सच्या वहीत ठेवली. अप्पा नाही म्हणतील हे मी धरूनच चालले होते. विचारलंच नाही. पुढं माझं लग्न ठरलं, मोडलं, नोकरी लागली, ते सगळं तुला माहीत आहे. अप्पा जायच्या आधी एकदा तुझ्या शाळेच्या गणवेशातला फोटो हातात घेऊन मला म्हणाले, "तुला पण आवड होती ना गं?" म्हणजे त्यांना ठाऊक होतं. मी तोंड उघडलं असतं तर ते काय म्हणाले असते, हे आता कुणीच सांगू शकणार नाही. मला माझ्या नोकरीचं दुःख नाही, मी चांगलं काम केलं आहे. पण ते न विचारणं अजून टोचतं. तुझ्या बाबतीत मला ते नको आहे. तुला धावायचं आहे, सैन्यात जायचं आहे, तर तुझ्या तोंडातून "दुखतंय" हेही निघालं पाहिजे.

हाऊस मास्टरांना मी आजच फोन करून सगळं सांगू शकते. हात दोनदा फोनकडं गेला. पण हे तुझ्या तोंडून जावं असं मला वाटतं, म्हणून पत्र स्पीड पोस्टानं टाकते आहे. पत्र मिळेल त्याच दिवशी एमआय रूममध्ये जायचं. बँडेज सोडायचं, मोजा काढायचा, पाय दाखवायचा, गोळ्या किती घेतल्या ते खरं सांगायचं. पळणं, उड्या, परेड आजपासून बंद. शनिवारी मी येते. तोवर तू सांगितलेलं नसेल तर आपण दोघी मिळून जाऊ, मी तुझ्या शेजारी उभी राहीन, पण सांगायचं तूच. दादाला आणि वहिनीला मी अजून काही बोललेले नाही. शनिवारनंतर मात्र त्यांना कळलं पाहिजे. वहिनी रडेल, तिला मी सांभाळते.

जास्त बोलले असेन. लिहिताना हात थरथरला तसं अक्षरही वेडंवाकडं झालं आहे. तू एवढीशी होतीस तेव्हा पडलीस की आधी आजूबाजूला बघायचीस, कुणी पाहिलं नाही ना, आणि मग उठायचीस. मला तेव्हा त्याचं फार कौतुक वाटायचं, सगळ्यांना सांगायचे मी. आता वाटतं, तेव्हाच जवळ घेऊन विचारायला हवं होतं, लागलं का गं म्हणून.

दीड-दोन महिने बसून राहावं लागलं तर जीव जाईल तुझा, मला माहीत आहे. दहावीचं वर्ष आहे, तो वेळ गणिताला दे. मैदानावर जायला मिळालं तर स्टॉपवॉच घेऊन बस आणि त्या सहावीतल्या पोरींच्या वेळा लिहून घे. तुझ्याकडं कुणी तिरकं बघून बोललं तर मला सांग. रडू आलं तर रड, डॉर्मिटरीत नाही जमलं तर शनिवारी माझ्याजवळ. तू धावलीस काय, न धावलीस काय, मला तू तीच आहेस.

आजी डिंकाचे लाडू करते आहे, तिला मी फक्त "सईकडं जाते" एवढंच सांगितलं. भाजलेल्या शेंगा आणि तुझी ती आंबट बोरकुटाची पुडी आणते. दुधाचा ग्लास मात्र माझ्यासमोर संपवायचा.

तुझी
आत्या

ता. क. पळायचे जुने बूट टाकून देऊ नकोस, तळ कुठं झिजले आहेत ते मला बघायचं आहे. आणि शनिवारी आल्या आल्या तुझ्या पायाचं माप घेईन, दिवाळीतले बूट तुला आखूड होत होते असं मला वाटलं होतं.