बंगड्याचा थंडावा कुठे तुटला?

इंदूरला समुद्र नाही. तरी प्रायश्चित्तकाळाचे शुक्रवार आले की आपल्या घरांत बंगडा-सुरमईची आठवण निघतेच. ही मासळी मुंबई, वेरावळ अशा बंदरांवरून येते. मुंबईचेच घ्या, आग्रा रोडने सुमारे सहाशे किलोमीटर. एवढ्या वाटेत ती किती वेळ बर्फाबाहेर राहिली, हे पाटीकडे पाहून सांगता येत नाही.

शेतकऱ्याला ही गोष्ट दुधावरून लवकर समजेल. सकाळचे दूध दुपारपर्यंत उन्हात राहिले आणि मग थंड केले, तर त्याचा काय उपयोग? मासळीचेही तसेच. फरक एवढाच की, नासलेले दूध तापवताना फाटते व आपण सावध होतो. बंगडा, सुरमई, कुपा, तारली यांच्या मांसात हिस्टिडिन नावाचा घटक भरपूर असतो. मासा गरम राहिला की जंतू त्यापासून हिस्टामिन तयार करतात. ते जास्त झाले की बाधते. वास व रंग ठीक असतानाही ते माशात असू शकते. तळून, उकळून किंवा पुन्हा गोठवून ते जात नाही. “नीट शिजवले की झाले” हे आपल्या आयाबायांचे म्हणणे एरवी खरे, पण इथे ते चालत नाही.

मुंबईत वर्सोव्याला केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे. तिची स्थापना १९६१ ची. १९८९ पासून तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा आहे. मासळी पकडल्यानंतरची हाताळणी हा तेथे पीएच.डी.पर्यंतच्या अभ्यासाचा विषय आहे. या विषयातला मूळ प्रश्न साधाच आहे: थंडावा कुठे तुटला? त्यासाठी खोक्यात तापमान टिपणारे लहान यंत्र ठेवता येते. खोक्याला क्रमांक देऊन होडी, बंदर, तारीख व व्यापारी यांची नोंद करतात. कोणी आजारी पडले तर त्या क्रमांकावरून मागे मागे जाता येते. १९९७ साली युरोपीय संघाने स्वच्छतेतील उणिवांमुळे भारतीय मासळीची आयात काही काळ थांबवली. त्यानंतर आपल्या निर्यातदारांना तपासणी व नोंदी अंगी बाणवाव्याच लागल्या. परदेशी गिऱ्हाइकासाठी जे होते ते इंदूरच्या गिऱ्हाइकासाठी का होऊ नये, हे मला अजून उमगलेले नाही.

तोवर आपण विचारावे: माल कुठला, केव्हा आला? बर्फाखाली दबलेला मासाच घ्यावा, वर सजवून मांडलेला नको. बाजारहाटात मासळी शेवटी घ्यावी व बर्फासह घरी आणावी. ज्यांच्या शेततळ्यात रोहू-कटला आहे त्यांनीही उन्हाळ्यात माशाच्या वजनाइतका फोडलेला बर्फ आधीच आणून ठेवावा. खाली बर्फ, मग मासा, वर पुन्हा बर्फ, आणि वितळलेले पाणी निघून जायला पेटीला भोक असावे. पाण्यात भिजत पडलेला मासा लवकर बिघडतो.

मासे खाल्ल्यावर काही मिनिटांत किंवा तास-दोन तासांत चेहरा लाल झाला, डोके दुखले, अंगावर खाज सुटली, छाती धडधडली किंवा जुलाब झाले, तर डॉक्टरांकडे जावे. श्वास लागत असल्यास क्षणभरही थांबू नये. पुष्कळदा याला मासळीचे वावडे समजतात. म्हणून कोणता मासा, कुठून घेतला, आणखी कोणाला त्रास झाला, हे डॉक्टरांना सांगावे. उरलेला तुकडा फेकू नये; पिशवीत बांधून बर्फात ठेवावा, तपासणीला तोच लागतो.