नवजातांचा जंतुसंसर्ग आणि गोठ्यातील प्रतिजैविके

गडचिरोली जिल्ह्यातील ३९ खेड्यांत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९५ ते १९९८ या काळात नवजातांच्या घरगुती काळजीचा प्रयोग राबविला. प्रशिक्षित ग्रामीण महिला जंतुसंसर्गाची लक्षणे ओळखून जेंटामायसिनचे इंजेक्शन व कोट्रायमॉक्साझोलचे पातळ औषध घरीच देत. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी आढळला. तथापि या यशामागे एक अट होती: जंतू त्या स्वस्त औषधाने मरले पाहिजेत.

ही अट आता सर्वत्र पूर्ण होत नाही. दिल्लीतील तीन रुग्णालयांत २०११ ते २०१४ दरम्यान झालेल्या अभ्यासात नवजातांच्या जंतुसंसर्गास कारणीभूत क्लेब्सिएला जंतूंपैकी निम्म्याहून अधिक, तर ॲसिनेटोबॅक्टरपैकी सुमारे ८२ टक्के बहुऔषधरोधी निघाले.

एकाच नावाच्या जंतूचे असंख्य वंश असतात. जनुकीय क्रमवाचनात अनेक बालकांकडे एकच वंश सापडल्यास संसर्ग त्या कक्षातच पसरल्याची शंका बळावते. वंश निरनिराळे, पण रोधक जनुक तेच असल्यास ते बहुधा प्लाझ्मिडवरून फिरते आहे. प्लाझ्मिड म्हणजे जंतूच्या मुख्य गुणसूत्राबाहेरचे डीएनएचे लहान वर्तुळ. ते एका जातीच्या जंतूकडून दुसऱ्या जातीकडेही जाते. कोलिस्टिन या अखेरच्या उपायांपैकी एका औषधाला रोखणारे असे जनुक २०१५ साली चीनमध्ये जनावरे, मांस व रुग्ण या तिन्हींत आढळले. भारताने जुलै २०१९ मध्ये अन्नोपयोगी जनावरे, कुक्कुटपालन, मत्स्यपालन व खाद्यपूरकांसाठी कोलिस्टिनवर बंदी घातली.

बालकांच्या संसर्गाचे सारे खापर गोठ्यावर फोडणे अन्यायाचे ठरेल. रुग्णालयातील अस्वच्छतेचा वाटा मोठा आहे. मात्र जेंटामायसिन गाई-म्हशींच्या कासदाहावरही वापरले जाते, म्हणून विस्तार कार्यकर्त्यांचा येथे थेट संबंध येतो. कासदाहात शक्यतो दुधाच्या नमुन्याची औषधसंवेदनशीलता तपासूनच पशुवैद्यकाने प्रतिजैविक निवडावे. उपचारकाळातील व त्यानंतर लेबलवर सांगितलेल्या दिवसांचे दूध विकू नये. ते वासरांना पाजण्याची पद्धतही बंद करावी, कारण त्यातील औषधाच्या अल्प मात्रेने वासरांच्या आतड्यात रोधक जंतूच तगतात. शेण नीट तापून कुजल्यावरच शेतात टाकावे. त्याने असे जंतू बरेच घटतात, पण त्यांची जनुके पूर्णपणे नष्ट होतीलच असे नाही.