द्वारपाल बदलला, घर शाबूत

मुलांनो, एका वाड्यात दोन बिऱ्हाडे नांदावीत, त्याप्रमाणे एकाच संगणकात विंडोज व लिनक्स या दोन कार्यप्रणाली राहू शकतात. संगणक सुरू होताच ‘ग्रब’ नावाची छोटी आज्ञावली द्वारपालासारखी पुढे येऊन विचारते, ‘‘कोणाकडे जावयाचे?’’

एका विद्यार्थिनीने आपल्या जुन्या संगणकात विंडोज पुन्हा बसविले. नंतर पाहते तो काय, ग्रब दिसेना आणि लिनक्स उघडेना! आजोबांच्या आठवणी तिने तेथेच टिपून ठेविल्या होत्या. ‘‘सारे पुसून नव्याने आरंभ कर,’’ असे मैत्रिणीने सुचविले. परंतु तिने घाई केली नाही. अशा जुन्या संगणकात डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटांत ग्रबला हाक देणारा मजकूर असतो. विंडोजने त्यावर आपला मजकूर लिहिला होता. तिने पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू केले. आठवणी जशाच्या तशा होत्या! प्रथम त्यांची प्रत काढून मग तिने ग्रब पुन्हा बसविले.

यूईएफआय पद्धतीच्या नव्या संगणकात पुष्कळदा केवळ प्रारंभाचा क्रम बदललेला असतो. तो पूर्ववत केला की काम भागते.

दार सापडत नाही म्हणून घर पाडू नये. आधी कारण शोधावे.