पंक्तीतील शंका आणि त्यांचे समाधान

लग्न, बारसे, वर्षश्राद्ध अशा निमित्ताने गोतावळा जमतो. पाने उठली, पानसुपारी झाली की गोष्टी रंगतात, आणि त्यांत ‘बायकांची बरोबरी’ हा विषय हटकून निघतो. बोलणारे बहुधा वडीलधारे. उलट बोलावे तर मर्यादा सुटते. गप्प बसावे तर शेजारी बसलेल्या लहान मुलीला तेच खरे वाटते. म्हणून काय बोलावे ते आम्ही येथे शंका-समाधानाच्या रूपाने मांडतो.

शंका पहिली : ‘बायकांनी शिकवावे, हे शास्त्रात कुठे आहे?’

अहो, व्याकरणातच आहे! ‘आचार्यानी’ म्हणजे आचार्यांची पत्नी. ‘आचार्या’ म्हणजे जी स्वतः व्याख्यान करते ती. भट्टोजी दीक्षितांनी सिद्धान्तकौमुदीत हा भेद स्पष्ट सांगितला आहे. शिकवणाऱ्या स्त्रिया नसत्याच, तर वैयाकरणांनी त्यांच्यासाठी निराळा शब्द कशाला सांगितला असता? आणि आपल्या परंपरेत तर चांगदेवांसारख्या योग्याने मुक्ताबाईंना गुरू मानले.

शंका दुसरी : ‘बरोबरी आली, की घर कोण सांभाळील?’

दिंडीत पाहा. वीणा ज्याच्या गळ्यात, त्याला मान. तो थकला की तीच वीणा दुसऱ्याच्या गळ्यात जाते. काम हातोहात फिरते, कुणी हलका होत नाही. चुलीचेही तसेच. कोणते काम कोणी करावे हे घराने मिळून ठरवावे. जन्मानेच ते कपाळी लिहून ठेवू नये.

शंका तिसरी : ‘लग्नात एवढा खर्च केला, आता मुलीला वाटा कशाला?’

खर्च आपण हौसेने नि लौकिकासाठी केला. त्याने वाटा फिटत नाही. महाराष्ट्राने १९९४ साली मुलींना वडिलार्जित मिळकतीत जन्मसिद्ध हक्क दिला, परंतु आधी लग्न झालेल्या मुली वगळल्या होत्या. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने तो भेद काढला. हक्काबरोबर जबाबदारीही मुलाइतकीच सांगितली. पुढे २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की ती दुरुस्ती लागू झाली तेव्हा वडील हयात असलेच पाहिजेत असे नाही.

ह्यावर कोणी मैत्रेयीचा दाखला देतात : ‘तिनेसुद्धा धन नाकारले!’ खरे आहे. पण बृहदारण्यकातला क्रम नीट पाहावा. याज्ञवल्क्य घर सोडून निघाले, तेव्हा मैत्रेयी आणि कात्यायनी ह्या दोघींची वाटणी करून देण्याची गोष्ट त्यांनी आधी स्वतः काढली. धनाने अमृतत्व मिळेल काय, हा तिचा प्रश्न त्यानंतरचा. हाती आलेले सोडणे हा त्याग. दुसऱ्याने सोडायला लावणे हा त्याग नव्हे. बहिणीला सणाला बोलवायचे, ओवाळून घ्यायचे आणि जेवण होताच हक्कसोडपत्र पुढे करायचे! ती सही करते ती पुष्कळदा माहेर तुटेल ह्या भयाने. भयाला त्याग म्हणणे हा शब्दाचा अपमान होय.

आता बोलण्याची रीत. वडिलांना चारचौघांत हरवण्यात पुण्य नाही. ‘काका, एक विचारू का?’ असे म्हणून एकच प्रश्न विचारावा, आणि उत्तराला वेळ द्यावा. मात्र कागद पुढे आलाच, तर भावाने स्वतः म्हणावे, ‘ताई, हा घरी ने, शांतपणे वाचून घे. सही कर वा न कर, दिवाळीला तुझे पान मांडलेलेच आहे.’ एवढे एक वाक्य भावाच्या तोंडून निघाले, तर तीन शंकांचे समाधान त्यात आले.

रामकृष्णहरि.