जुना बेस हाती आल्यावर

पहिला बेस तीस-चाळीस वर्षांनी पुन्हा हाती आला, तर सुरुवातीचे काही महिने त्याच्यावर असं कोणतंही काम करू नये जे नंतर उलटं फिरवता येणार नाही. तारा बदलाव्यात, धूळ पुसावी, मोजमापं घ्यावीत. रंग, फ्रेट, पिकअप आणि लाकूड यांना हात लावू नये. हे मत अनुभवाने पक्कं झालेलं आहे, आणि पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण या पट्ट्यातल्या वादकांना ते मुद्दाम सांगावंसं वाटतं. जुनं वाद्य नव्यासारखं करायला लागणारं सगळं इथे घराजवळ मिळतं: गाड्यांच्या रंगाचे बूथ, बफिंगची चाकं, पितळ हवं तसं कातून देणारी सीएनसी यंत्रं, मोटारी रिवाइंड करणारी दुकानं. तिथले हात कुशल असतात, बहुतेक वेळा ओळखीचे असतात, कित्येकदा पैसेही घेत नाहीत. त्यामुळे नको म्हणणं अवघड जातं, आणि म्हणूनच ते आधी ठरवून ठेवावं लागतं.

या भागात असे बेस का निघतात, हे थोडक्यात सांगतो. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली. पुढच्या काळात स्कूटर, ट्रक, इंजिनं आणि त्यांचे सुटे भाग बनवणारे कारखाने आले. १९८२ मध्ये महापालिका झाली तोवर गावाकडून आलेली तरुण, पगारदार माणसं इथे मोठ्या संख्येने स्थिरावली होती. गणपतीचा मांडव असो की कंपनीचं स्नेहसंमेलन, हिंदी गाण्यांचा ऑर्केस्ट्रा हवाच असे. राहुलदेव बर्मन यांच्या गाण्यांतला टोनी वाझ यांचा बेस ज्यांनी कान देऊन ऐकला होता, त्यांना ती गाणी बेसशिवाय पोकळ वाटत. परदेशी वाद्याची किंमत आणि त्यावरचं आयात शुल्क झेपणारं नव्हतं. गिवसनसारख्या कोलकात्याच्या कारखान्यांतून आलेल्या गिटारींवर बहुतेकांचं भागत असे. मग सिंथेसायझर आला, कीबोर्डवाल्याचा डावा हात बेसचं काम करू लागला, आणि संयोजकाचं एका माणसाचं मानधन वाचलं. बेस पोटमाळ्यावर गेले, विकले गेले, मित्रांकडे गेले ते तिकडेच राहिले. ती पिढी आता निवृत्त झाली आहे. हाताशी वेळ आहे, फंडातले थोडे पैसे आहेत, आणि वाद्य सापडलं की ते पहिल्या दिवसासारखं चकचकीत करायची घाई आहे.

ही घाई कुठून येते हे समजून घेतलं पाहिजे. कारखान्यात झीज म्हणजे दोष. माप टॉलरन्सच्या बाहेर गेलं की भाग स्क्रॅपमध्ये जातो, नाहीतर रिकंडिशनला. क्रँकशाफ्टच्या बाबतीत हे शंभर टक्के योग्य आहे, आणि ज्याने नोकरीभर तेच केलं त्याच्या डोळ्याला झीज खुपणारच. वाद्यावरची झीज मात्र वाचायची असते. फ्रेटवर तारांनी पाडलेल्या खाचा पाहिल्या की तुम्ही कोणत्या पट्टीत जास्त वाजवत होता ते कळतं. पिकअपच्या कडेला अंगठा टेकून टेकून झालेली घासट जागा उजवा हात कुठे राहत होता ते सांगते. नेकच्या पाठीवरचा रंग जिथे गुळगुळीत होऊन उडाला आहे, तिथेच डावा हात सर्वात मोकळा सरकतो. या नेकवर पीयू रंगाचे दोन-तीन जाड कोट चढवले की ती देखणी होते, पण घामट तळहाताला चिकटू लागते आणि बोटांची ओळखीची जागा हरवते. फ्रेटचंही तसंच. ती धातूची पट्टी लाकडाच्या वर जेमतेम एक मिलिमीटर असते. बफिंगच्या चाकावर उत्साहाने दहा मिनिटं घालवली की त्या मिलिमीटरमधला मोठा हिस्सा उडून जातो, आणि उडालेला धातू परत बसवता येत नाही. मिरजेच्या ज्या सतारी-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते घडवणारे कारागीर जवारी लावताना घोडीचा माथा थोडासा घासतात, तार छेडून ऐकतात, पुन्हा थोडासा घासतात. घासून गेलेलं परत येत नाही, हे त्यांच्या कामाच्या पद्धतीतच मुरलेलं आहे. आपल्या पट्ट्यातल्या टूलरूमला हे शिकवायची गरज नाही. एक मायक्रॉन जास्त गेला तर काय होतं हे तिथल्या माणसाला माहीत असतं. फक्त गिटार समोर आली की तो तिला यंत्राचा भाग न समजता शोभेची वस्तू समजतो आणि नेमकी तीच शिस्त विसरतो.

जगात गाजलेल्या बेसच्या पुनर्भेटीतूनही हेच दिसतं. पॉल मॅकार्टनी यांनी १९६१ मध्ये हँबुर्गला सुमारे ३० पौंडांत हॉफनर कंपनीचा व्हायोलिनच्या आकाराचा बेस घेतला. १९७२ मध्ये तो लंडनच्या नॉटिंग हिल भागात गाडीतून चोरीला गेला. पन्नासेक वर्षांनी, शोधमोहिमेनंतर, तो परत मिळाल्याचं फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर झालं. तोच तो बेस हे हॉफनरने तपासून सांगितलं. वाद्य पूर्ण होतं, पेटीही जुनीच होती, वाजतं करायला काही दुरुस्ती लागणार होती. कुणी म्हणेल, या बेसवर साठच्या दशकात नवा रंग दिला गेला होता आणि पिकअप नव्या लाकडी चौकटीत बसवले होते, मग बदल करायला हरकत काय? हा आक्षेप योग्य आहे आणि तो मी टाळत नाही. मालकाने वाजवण्याच्या काळात, गरजेपोटी केलेला बदल वाद्याच्या चरित्राचाच भाग होतो. त्या चौकटीमुळेच तर हा बेस ओळखता येतो. मधल्या काळात ज्यांच्या हाती तो पडला त्यांनी त्याला ‘मूळ रूपात’ आणलं असतं, तर ओळखीच्या त्या खुणा पुसल्या गेल्या असत्या. डिसेंबर २०२४ मध्ये मॅकार्टनी यांनी लंडनच्या मंचावर तोच बेस वाजवला. जपणं आणि वाजवणं यांत भांडण नाही, याला याहून ठळक पुरावा मला माहीत नाही.

ज्यांचा बेस अजून सापडायचा आहे त्यांच्यासाठी यातच एक सूचना आहे. शोध घेताना रंग, बनावट, विकल्याचं साधारण साल सगळ्यांना सांगा. पण एखादी खूण, म्हणजे आतल्या पोकळीत पेन्सिलने लिहिलेलं नाव किंवा मागच्या पट्टीचा वेगळा स्क्रू, कुणालाही सांगू नका. वाद्य घेऊन आलेल्या माणसाकडे ती खूण सापडली तरच व्यवहाराचं बोला. जुन्या ओढीपोटी माणूस पाहताक्षणी ‘हाच तो’ म्हणतो आणि दुप्पट किंमत मोजतो.

आता सर्वात जास्त ऐकू येणारा आक्षेप. आपला बेस काही मॅकार्टनींचा नाही. प्लायवुडची बॉडी, स्वस्त पिकअप, बाजारात त्याला कुणी विचारणार नाही, मग एवढं जपायचं कशाला? मला वाटतं, बाजारात किंमत नसलेल्या वाद्यालाच हा नियम जास्त लागू होतो. मौल्यवान वाद्याचे भाग, आराखडे, जाणकार जगभर मिळतात. कोलकात्याच्या एखाद्या बंद पडलेल्या कारखान्याच्या बेसची घोडी किंवा खुंटी एकदा फेकली की तशी दुसरी मिळणं दुरापास्त. शिवाय चांगलं वाजणारा बेसच हवा असेल तर तो आज वीसेक हजारांत नवा मिळतो, आणि खुशाल घ्यावा. जुना बेस आपण ठेवतो तो त्याच्या ओळखीच्या रुंदीसाठी, तारांमधल्या त्या अंतरासाठी, जिथे बोटं अजूनही न बघता पोचतात. ते बदलून टाकलं तर हाती उरतं ते नव्याइतकं चांगलं नाही आणि जुनंही नाही.

यावर काहीजण दुसऱ्या टोकाला जातात आणि वाद्य काचेत ठेवून देतात. तेही मला मान्य नाही. काही कामं पहिल्याच आठवड्यात केली पाहिजेत, आणि त्यांतलं पहिलं काम जिवाशी संबंधित आहे. बेसच्या तारा घोडीमार्फत अँपच्या अर्थिंगला जोडलेल्या असतात. अँप जुना, दोन पिनांचा, अर्थिंग नसलेला असेल आणि आत गळती असेल, तर करंट थेट तारांवर येतो. ओठ माइकला लागले की तो शरीरातून जातो. म्हणून तीन पिनांची वायर, चालू अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरला तुटणारा सुरक्षा स्विच याशिवाय जुना अँप लावू नये. व्हॉल्व्हचा अँप असेल तर प्लग काढल्यावरही त्याच्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा दाब राहू शकतो. तो माहीतगारानेच उघडावा. बेसमध्ये बॅटरी असेल तर ती आधी काढावी. व्हॉल्यूम फिरवताना खरखर येत असेल तर इलेक्ट्रॉनिक्ससाठी मिळणारा कॉन्टॅक्ट क्लीनर पुरतो. नटबोल्ट सोडवायचा तेलकट स्प्रे तिथे मारू नये. पिकअप मुका वाटला तर मल्टिमीटर लावावा. काही हजार ओहम दिसले तर आतलं केसाहून बारीक वेटोळं शाबूत आहे आणि दोष बहुधा सुटलेल्या सोल्डरमध्ये आहे. रिवाइंडिंगच्या दुकानाकडे जायचं कारण नाही.

तारा आणि नेक यांच्याबाबत मात्र इथल्या फिटरचं ज्ञान सोन्यासारखं उपयोगी पडतं. जुन्या तारा फेकण्याआधी व्हर्नियरने त्यांची जाडी मोजून लिहून ठेवावी, म्हणजे त्याच मापाच्या नव्या आणता येतात. ३४ इंची बेसवर चार तारांचा मिळून ताण सुमारे ८० किलोंच्या घरात जातो. वर्षानुवर्षं सैल पडलेल्या नेकवर तो एकदम टाकू नये, दोन-तीन दिवसांत हळूहळू चढवावा. मग तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर दाबून सातव्या-आठव्या फ्रेटवरची फट फीलर गेजने मोजावी. ०.३ मिलिमीटरच्या आसपास असेल तर नेकला काहीही करायचं नाही. जास्त असेल तर आतला ट्रस रॉड पाव फेरा फिरवावा आणि एक दिवस थांबावं. रॉड अडला तर जोर लावू नये. त्याचे आटे गेले की ती दुरुस्ती भारी पडते. आपल्याकडे एप्रिलच्या दुपारी हवा अगदी कोरडी असते आणि जुलै-ऑगस्टमध्ये आर्द्रता ८० टक्क्यांवर जाते, लाकूड त्याप्रमाणे हलतं. मे महिन्यात लावलेली नेक ऑगस्टमध्ये वेगळी दिसली म्हणून ती बिघडली असं होत नाही. निदान एक पावसाळा तिला पाहावं, मापं वहीत लिहावीत, मगच फ्रेट बदलायचे की नाही ते ठरवावं. पत्र्याखालचा पोटमाळा आणि उन्हात उभ्या गाडीची डिकी या दोन जागा मात्र कायमच्या वर्ज्य. तिथल्या उष्णतेत सरस सुटतो.

एवढं सगळं करूनही अनेकांची तक्रार उरते की बेसचा आवाज मेला आहे, पूर्वीसारखा टणत्कार नाही, पिकअप बदललाच पाहिजे. या तक्रारीकडे मी फार काळजीने पाहतो, कारण दोष वाद्यात नसून कानात असण्याची शक्यता आपल्या भागात खरोखर मोठी आहे. प्रेस शॉप, फोर्जिंग, ग्राइंडिंग यांच्या आवाजात नोकरी केलेल्या माणसांची संख्या इथे मोठी आहे. कारखान्यांसाठीच्या नियमांत आठ तासांच्या पाळीला ९० डेसिबलची मर्यादा आहे. ती कागदावर पाळली गेली तरी वर्षानुवर्षांच्या आवाजाचा परिणाम कानावर होतोच, आणि कानात बोळे घालायची सवय त्या पिढीला फारशी नव्हती. अशा आवाजाने जाणारं ऐकणं आधी ४००० हर्ट्झच्या आसपास जातं. बेसची सर्वात खालची मोकळी तार सुमारे ४१ हर्ट्झला बोलते, सर्वात वरची ९८ ला. म्हणजे मूळ स्वर कानाला नीट पोचतो. हरवतो तो तारेवर बोट पडल्याचा वरचा टणका, जो स्वराला धार देतो. वादकाला वाटतं वाद्य मुकं झालं. तो ट्रेबल वाढवतो, आवाज वाढवतो, उरलेल्या कानाला आणखी इजा करतो, आणि शेवटी चांगला चालणारा जुना पिकअप काढून फेकतो. नवा पिकअपही त्याला तसाच ऐकू येतो. वयानेच असं होतं, त्यात काय पाहायचं, असं कुणी म्हणेल. वयाने होतं हे खरं, पण ऐकणं मोजलेलं असलं तर निर्णय बदलतो: श्रवणयंत्र लावायचं, हेडफोनचा आवाज कमी ठेवायचा, सराव अर्ध्या तासात थांबवायचा. ग्राइंडर धरून बोटं बधिर झालेल्यांनी हातांचीही अशीच तपासणी करून घ्यावी, कारण तार नीट दबत नाही याचा दोषही बिचाऱ्या फ्रेटवर येतो. पिकअपबद्दल शंका असेल तर ओळखीच्या एखाद्या तरुण वादकाला तोच बेस, त्याच अँपवर, बटणं न हलवता वाजवायला सांगा, दहा फुटांवर उभे राहा आणि त्याला काय ऐकू येतंय ते विचारा. टणका पुरेसा आहे असं तो म्हणाला, तर पिकअप तसाच राहू द्या आणि कानाच्या डॉक्टरांकडे ऑडिओमेट्रीसाठी वेळ घ्या.