सर्जरीच्या पेशंट ग्रुपमध्ये बसताना

तू जीपी सर्जरीच्या, म्हणजे फॅमिली डॉक्टरच्या दवाखान्याच्या, पेशंट ग्रुपमध्ये जाणार आहेस हे कळलं आणि फार बरं वाटलं गं. भारतातून आलेल्या डॉक्टरांनी इंग्लंडातल्या कितीतरी वस्त्यांमधल्या सर्जऱ्या वर्षानुवर्षं चालवल्या. पण टेबलाच्या अलीकडे, पेशंट म्हणून बसून, कारभार कसा असावा हे सांगायला आपली माणसं कमीच जातात. तू जातेयस, तर मावशीच्या चार गोष्टी ऐकून जा.

आधी ग्रुपचं बळ कशात आहे ते समजून घे. १९७२च्या सुमाराला काही डॉक्टरांनी आपणहून पेशंटांना बोलावून त्यांचं म्हणणं ऐकायला सुरुवात केली, तेव्हा तो त्यांचा चांगुलपणा होता. एप्रिल २०१५पासून मात्र इंग्लंडमधल्या प्रत्येक जीपी प्रॅक्टिसला असा ग्रुप ठेवणं करारानं बंधनकारक झालं. शिवाय त्या ग्रुपमध्ये सर्जरीच्या सगळ्या तऱ्हेच्या पेशंटांचं प्रतिबिंब पडावं, यासाठी प्रयत्न करणंही त्यात आलं. हा दुसरा भाग पाठ करून ठेव. पुढे तोच तुझ्या कामाला येईल.

आता सर्जरीच्या हातात काय आहे आणि काय नाही, तेही बघ. बहुतेक सर्जऱ्या एनएचएसशी करार केलेल्या डॉक्टरांच्या भागीदारीच्या असतात. पैसे मुख्यतः नोंदलेल्या पेशंटांच्या संख्येवर, त्यांचं वय आणि गरज बघून येतात. कोण किती वेळा आलं यावर नाही. म्हणून ‘अजून दोन डॉक्टर नेमा’ एवढंच म्हणालीस, तर सगळे माना डोलावतील आणि तिथेच विषय संपेल. फोनवरचा संदेश, पत्रातली भाषा, रिसेप्शनसमोर उभं राहून दुखणं सांगावं लागतं ती जागा, व्हीलचेअरला जड जाणारं दार, ही कामं त्यांच्या हातातली. तिथून सुरुवात कर.

स्वतःचं गाऱ्हाणं ग्रुपमध्ये नेऊ नकोस, दुसऱ्या कुणाला नेऊही देऊ नकोस. त्याची वाट वेगळी आहे. तक्रार प्रॅक्टिस मॅनेजरकडे करायची किंवा भागाच्या इंटिग्रेटेड केअर बोर्डाकडे, शक्यतो बारा महिन्यांच्या आत. तिथे समाधान झालं नाही तर ओम्बड्समनकडे जाता येतं. कुणी बैठकीत आपल्या गुडघ्याची कहाणी सुरू केली, तर मायेनं थांबवून ही वाट सांग. आणि त्या कहाणीत सगळ्यांना लागू पडणारं काही असेल, तर तेवढंच उचल. ‘माझं रेफरलचं पत्र हरवलं’ यातून ‘पत्र पोचलं की नाही हे पेशंटला कसं कळावं’ हा प्रश्न निघतो. ग्रुपनं विचारायचा प्रश्न तो.

यालाच जोडून एक सांगते, आणि हे कळकळीनं सांगते. ग्रुपमधल्या कुणालाही पेशंटचे कागद दिसत नाहीत, ते बरोबरच आहे. पण वेटिंग रूममध्ये माणसं दिसतात. आपलं मराठी मंडळ लहान, सगळे ओळखीचे. गणपतीत, हळदीकुंकवात ‘परवा त्यांना सर्जरीत पाहिलं’ एवढं वाक्यसुद्धा तुझ्या तोंडून जाता कामा नये. एकदा तो विश्वास गेला की तुझ्याजवळ कुणी मन मोकळं करणार नाही.

अपॉइंटमेंटसाठी सकाळी आठला करायचा फोन हा प्रत्येक बैठकीतला विषय. ‘फोन लागतच नाही’ म्हणून काही हलत नाही. मॅनेजरला आकडे माग. आठ ते नऊमध्ये किती फोन आले, किती जणांनी कंटाळून ठेवले, सरासरी किती वेळ थांबावं लागलं. आजकालच्या फोनयंत्रणांतून हे निघतं. रांगेतला नंबर राखून उलट फोन करण्याची सोय आहे का, असेल तर चालू आहे का, हेही विचार. प्रत्येक सर्जरीचा जीपी पेशंट सर्व्हेचा निकाल आणि केअर क्वालिटी कमिशनचा अहवाल सगळ्यांना वाचता येतो. ते वाचून जा. आकडा समोर असला की बोलण्याची धार वाढते आणि आवाज वाढवावा लागत नाही.

रिसेप्शनच्या मुलींशी आपलेपणानं वाग. ‘हिला कशाला सांगू माझं दुखणं?’ म्हणून आपली माणसं फोनवरच रागावतात. ती विचारते ते फार्मासिस्ट, नर्स, फिजिओ की डॉक्टर हे ठरवायला. सांगायचं नसेल तर ‘खाजगी आहे’ म्हणावं, बस्स. हे मंडळात समजावून सांगायचं काम तुझं. आणि लोकांचा संताप रोज अंगावर झेलणाऱ्या त्या मुलींना काय सोपं पडेल, हे बैठकीत मांडायचं कामही तुझंच. कारभार कुठे अडतो ते त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं.

आता खरं महत्त्वाचं. ग्रुपमध्ये बहुधा निवृत्त, धडधाकट, इंग्रजी सफाईदार बोलणारी माणसं असतात. ती मनापासून काम करतात, त्यांना नावं ठेवू नकोस. पण सर्जरीची सगळ्यात गरज असलेला माणूस त्या खोलीत नसतो. मुलाकडे राहायला आलेल्या आपल्या आजी घे. त्यांना लघवीचा त्रास आहे, पण मुलगा शेजारी बसून भाषांतर करतोय, त्या काय बोलणार? जीपीकडे दुभाषा मोफत मागता येतो, मराठीचासुद्धा. बहुधा तो फोनवरून मिळतो आणि अपॉइंटमेंट घेतानाच सांगावं लागतं, जास्तीचा वेळही मागावा लागतो. हे किती घरांत माहीत आहे? सर्जरीच्या दारात आपल्या भाषेत हे लिहिलेली पाटी लागेपर्यंत हा विषय सोडू नकोस.

तपासण्यांचंही तेच. गर्भाशयमुखाच्या तपासणीची पत्रं २५ ते ६४ वयाच्या बायकांना येतात, आतड्याच्या कॅन्सरची घरीच करायची किट ५० ते ७४ वयाच्या सगळ्यांना दर दोन वर्षांनी टपालानं येते. आपल्याकडे ती किट शी-शी म्हणत कपाटात पडते. ग्रुपतर्फे मंडळात एक टेबल मांड, किट उघडून दाखव, चिमूटभर नमुना कसा घ्यायचा ते न लाजता सांग. शक्य असेल तर सर्जरीची नर्स सोबत आण. एका दुपारचं हे काम, पण यातून जीव वाचतात.

लोकांचं म्हणणं ऐकायला उत्तम जागा म्हणजे फ्लूच्या लशीचा शनिवार. ऑक्टोबरात सर्जरीला रांग सांभाळायला माणसं लागतात, तेव्हा पुढे हो. रांगेत प्रश्नावली वाटू नकोस, एकच विचार: ‘गेल्या वेळी कुठे अडलं?’ उत्तरं वहीत लिही, नावं लिहू नकोस.

बैठकीबद्दल थोडक्यात. अध्यक्ष पेशंटांमधलाच असावा. एखादा डॉक्टर अधूनमधून तरी हजर हवा, कारण निर्णय भागीदार घेतात. इतिवृत्तात प्रत्येक ठरावापुढे कुणाचं काम आणि कधीपर्यंत, हे लिहून घे, आणि पुढची बैठक त्याच यादीनं सुरू करायला सांग. ‘बघतो’ हे उत्तर इतिवृत्तात ‘बघतो’ असंच उतरलं, की पुढच्या वेळी त्यापुढे तारीख येते. झालेलं काम वेटिंग रूमच्या भिंतीवर लावा, म्हणजे बोलून फरक पडतो हे बाकीच्यांना दिसेल.

बैठकीची वेळही बदलून बघा. एकदा दुपारी, एकदा संध्याकाळी, एकदा ऑनलाइन. लहान मुलांच्या आया, रात्रपाळीचे ड्रायव्हर, घरी कुणाची शुश्रूषा करणारे, यांना एकच वेळ कधी जमायची नाही. वेळ न बदलण्याचं कुणी कारण दिलं, तर आठव तो करारातला दुसरा भाग, सगळ्या तऱ्हेच्या पेशंटांचा, आणि मॅनेजरपुढे ठेव.